आकुंचनाचे गणित : ओतकामाच्या साच्यापासून चष्म्याच्या भिंगापर्यंत

पुण्याच्या मंडईला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. ही दगडी इमारत १८८६ मध्ये उभी राहिली तेव्हा तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हणत. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे मत होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला त्यांचे नाव देण्यात आले. इतिहासाच्या तासाला आम्ही शिक्षक येथपर्यंत सांगतो. परंतु जोतीरावांच्या चरित्रातील आणखी एक नोंद सहसा मागे राहते. ते केवळ शाळा काढणारे आणि ग्रंथ लिहिणारे नव्हते. ते शेती करीत, बांधकामाची कंत्राटे घेत आणि १८६३ च्या सुमारास धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य पुरवण्याचा व्यवसायही त्यांनी सुरू केला होता.

ओतकाम म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणे आणि तो थंड झाला की साचा उघडून वस्तू बाहेर काढणे. ऐकायला सोपे असलेल्या या कामात एक अडचण पहिल्या दिवसापासून आजतागायत कायम आहे. साच्यातून निघणारी वस्तू साच्यापेक्षा लहान असते. धातू निवताना आक्रसतो. मूस मातीची असो वा आजच्या कारखान्यातील पोलादी साचा असो, या नियमातून सुटका नाही. आपल्या डोळ्यांवरच्या चष्म्याचे भिंगही याला अपवाद नाही.

प्रस्तुत लेखकाचा विषय इतिहास आहे, गणित नव्हे. तरीही शाळेच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडण्यामागे एक कारण आहे. कारागिराच्या हातातील ज्ञान वहीवर उतरून सर्वांचे कसे होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण इतिहासात क्वचितच सापडते.

ओतारी आणि त्याची पट्टी

मंडईपासून पायी जाण्याच्या अंतरावर कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांबट आणि ओतारी हे दोन कारागीर आपण बोलताना एकत्र करतो, परंतु त्यांची कामे भिन्न आहेत. तांबट पत्रा ठोकून भांडे घडवतो, ओतारी धातू वितळवून वस्तू ओततो. ठोकणाऱ्याला माप डोळ्यांसमोर दिसत असते, चुकले तर आणखी चार ठोके देता येतात. ओतणाऱ्याला ती सोय नाही. त्याचा निर्णय धातू ओतण्यापूर्वीच झालेला असतो. म्हणून तो लाकडी नमुना मुद्दाम थोडा मोठा करतो. किती मोठा, हेच त्याचे खरे ज्ञान.

कारखान्यांत वापरले जाणारे आकडे साधारण असे आहेत. करडे बीड निवताना लांबीत सुमारे १ टक्का आक्रसते, ॲल्युमिनियम सुमारे १.३ टक्के, पितळ सुमारे १.५ टक्के आणि पोलाद सुमारे २ टक्के. यावरून साधे सूत्र मिळते :

साच्याचे माप = हव्या असलेल्या वस्तूचे माप ÷ (१ − आकुंचन)

पितळेची २०० मिलिमीटर लांबीची पट्टी हवी असेल, तर २०० ला ०.९८५ ने भागावे. उत्तर २०३ मिलिमीटरच्या किंचित वर येते. नमुना करणाऱ्या सुतारांना प्रत्येक वेळी हा भागाकार करावा लागू नये म्हणून आकुंचनाची खास पट्टी तयार करण्यात आली. पितळेच्या पट्टीवर 'एक मीटर' म्हणून दाखवलेली लांबी प्रत्यक्षात सुमारे १०१५ मिलिमीटर असते. म्हणजे गणित पट्टीतच कोरलेले असते. तिच्याने मापून केलेला नमुना आपोआप योग्य तेवढा मोठा होतो.

अशी पट्टी बाजारात मिळू लागण्यापूर्वी हे प्रमाण कारागिराच्या घरात राहत असे. बाप ते मुलाला शिकवी. आपल्याकडे व्यवसाय जातीला बांधलेला असल्याने ज्याच्या घरात भट्टी नाही, त्याला ते प्रमाण कळण्याचा मार्ग नव्हता. यात कारागिराचा दोष काढण्याचे कारण नाही, त्याच्या पोटापाण्याची तीच पुंजी होती. परंतु आकडा कागदावर आला, सूत्र फळ्यावर आले, की त्याला वारसाहक्क लागत नाही. ज्याला भागाकार येतो त्याचे ते होते.

भिंगाची गरज वेगळी का?

भिंग काय करते, हे सांगताना डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी सांगितलेली त्यांच्या शाळेतील आठवण अनेकांना आठवेल. मुंबईच्या युनियन हायस्कूलमधील भावे सरांनी मुलांना उन्हात नेले आणि भिंगाने सूर्याचे किरण कागदावर एका बिंदूत आणून कागद जाळून दाखवला. गरिबीत वाढलेल्या त्या विद्यार्थ्याने पुढे पॉलिमर विज्ञानात नाव मिळवले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद भूषवले. त्या प्रयोगातील बिंदू कोठे पडेल, हे दोन गोष्टी ठरवतात : भिंगाच्या पृष्ठभागांची वक्रता आणि ज्या पदार्थाचे भिंग आहे त्याचा अपवर्तनांक. चष्म्याचा 'नंबर' आपण डायॉप्टरमध्ये मोजतो. पातळ भिंगासाठी तो वक्रता त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या लहान झाली की नंबर वाढतो.

आता आकुंचनाचा परिणाम पाहू. समजा, +४.०० नंबरचे भिंग सर्व दिशांनी सारखेच ०.६ टक्के आक्रसले. त्रिज्याही ०.६ टक्क्याने कमी होईल आणि नंबर ४.०० ÷ ०.९९४ म्हणजे सुमारे ४.०२ होईल. अशा भिंगासाठी साधारणपणे ०.१२ डायॉप्टरपर्यंतचा फरक चालतो. तेव्हा हे भिंग वापरणाऱ्याला काही जाणवणार नाही.

परंतु समजा, तेच भिंग आडव्या दिशेत १ टक्का आणि उभ्या दिशेत ५ टक्के आक्रसले. मग आडव्या दिशेत नंबर ४.०४ आणि उभ्या दिशेत ४.२१ होईल. दोन दिशांतील हा ०.१७ चा फरक म्हणजे डोळ्यात नसलेला 'सिलिंडर' चष्म्याने निर्माण केला. उदाहरण समजण्यासाठी आकडे वाढवून घेतले आहेत, पण तत्त्व हेच आहे. पितळी घंटा कोठे थोडी जास्त आक्रसली तरी ती वाजते. भिंगाचे तसे नाही. सर्वत्र सारखे आकुंचन झाले तर ते एका भागाकाराने भरून काढता येते. असमान आकुंचन मात्र प्रतिमाच बिघडवते. म्हणून 'किती आक्रसेल' या ओताऱ्याच्या प्रश्नाला भिंग घडवणाऱ्याने आणखी दोन प्रश्न जोडले : कोठे आक्रसेल आणि केव्हा?

द्रवाचे घन होताना

चष्म्याची पुष्कळ भिंगे आज 'सीआर-३९' या प्लॅस्टिकची असतात. 'कोलंबिया रेझिन' या मालिकेतील हे ३९ वे मिश्रण अमेरिकेत १९४० मध्ये तयार झाले. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील आर्मरलाइट कंपनीने त्यापासून चष्म्याची भिंगे काढली. त्याची घनता सुमारे १.३२ आहे, नेहमीच्या चष्म्याच्या काचेची सुमारे २.५. म्हणजे त्याच आकाराचे भिंग जवळजवळ निम्म्या वजनाचे होते. दिवसभर चष्मा लावून खेळणाऱ्या मुलाच्या नाकाला हा फरक कळतो.

हे भिंग ओततात कसे? काचेचे दोन वक्र साचे समोरासमोर ठेवून त्यांच्या कडेला लवचीक रबरासारखे कडे बसवतात. मधल्या पोकळीत द्रव भरून ते भट्टीत हळूहळू तापवतात. द्रवातील लहान रेणू एकमेकांना जोडले जातात आणि साधारण १२ ते २० तासांत घन भिंग तयार होते.

येथे आकुंचन होण्याचे कारण धातूपेक्षा वेगळे आहे. द्रवातील रेणू शेजारी शेजारी असले तरी मोकळे असतात, त्यांच्यातील अंतर सुमारे ०.३४ नॅनोमीटर असते. रासायनिक बंध जुळला की जोडलेल्या अणूंतील अंतर सुमारे ०.१५ नॅनोमीटर होते. अशा असंख्य जोड्या जवळ आल्या की संपूर्ण पदार्थ आक्रसतो. द्रवाची घनता सुमारे १.१५ आणि घन झालेल्या पदार्थाची सुमारे १.३१ धरू. वस्तुमान बदलत नाही; म्हणून नवे आकारमान = १.१५ ÷ १.३१ = ०.८७८. आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी घटले.

येथे विद्यार्थी नेहमी एक घाई करतात. आकारमान १२ टक्के घटले म्हणजे लांबी, रुंदी आणि जाडी प्रत्येकी १२ टक्के घटली, असे ते समजतात. तसे नाही. तिन्ही दिशांत आकुंचन सारखे झाले तर ०.८७८ चे घनमूळ काढावे लागेल. ते ०.९५८ येते, म्हणजे प्रत्येक दिशेत सुमारे ४.२ टक्केच घट. १० मिलिमीटर जाडीसाठी मग साचे १०.४४ मिलिमीटर अंतरावर ठेवले की पुरावे.

प्रत्यक्षात तेवढे पुरत नाही. घट्ट होत जाणारा पदार्थ काचेच्या दोन्ही साच्यांना चिकटलेला असतो. साचे त्याला आडवे आक्रसू देत नाहीत. मग जवळजवळ सगळे आकुंचन जाडीच्या एकाच दिशेत उतरते. कड्याचा लवचीकपणा येथे कामी येतो. ते दबते आणि दोन्ही साचे एकमेकांकडे सरकतात. म्हणून सुरुवातीचे अंतर १० ÷ ०.८७८ म्हणजे सुमारे ११.३९ मिलिमीटर लागेल. पदार्थ तोच आणि टक्केवारीही तीच, पण कोणती दिशा बांधलेली आणि कोणती मोकळी यावर जवळजवळ १ मिलिमीटरचा फरक पडला. गणिती प्रतिमान म्हणजे केवळ सूत्र नव्हे. परिस्थितीतील कोणती बाजू मोकळी आहे आणि कोणती जखडलेली आहे, हे आधी नेमके ओळखणे, हा त्याचा पहिला भाग असतो.

भट्टी सावकाश का तापवायची, याचेही उत्तर यातच आहे. रेणू जुळताना उष्णता बाहेर पडते, तिने जुळण्याचा वेग आणखी वाढतो. घाई केली तर एक भाग आधी घट्ट होऊन आक्रसतो, दुसरा मागे राहतो. भिंग साच्यापासून अकाली सुटते किंवा तडकते.

वितळलेले प्लॅस्टिक आणि समुद्राचे पाणी

दुसरी पद्धत पॉलिकार्बोनेट भिंगांची. हे प्लॅस्टिक सुमारे ३०० अंश सेल्सिअसला वितळवून मोठ्या दाबाखाली पोलादी साच्यात भरतात. निवताना ते लांबीत ०.५ ते ०.७ टक्के आक्रसते. ७० मिलिमीटर व्यासाच्या भिंगासाठी ०.६ टक्के धरल्यास साचा ७० ÷ ०.९९४ म्हणजे ७०.४२ मिलिमीटरचा हवा.

पण दाब जास्त दिला तर साच्यात अधिक पदार्थ मावतो आणि आकुंचन कमी होते. तापमान आणि दाब या दोहोंनी पदार्थाचे आकारमान कसे बदलते, हे सांगणारे सूत्र त्यासाठी लागते. ते सूत्र प्लॅस्टिकसाठी शोधलेले नव्हते, ही मोठी मनोवेधक गोष्ट आहे. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाच्या ब्रिटिश जहाजाने जगातील महासागरांचा शोधप्रवास केला. खोल समुद्रातील प्रचंड दाबाखाली पाणी किती दबते, हा प्रश्न त्यातून पुढे आला. एडिनबर्गचे प्राध्यापक पीटर टेट यांनी त्यावर केलेले काम १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. आज प्लॅस्टिकच्या साचेकामाची संगणकीय आज्ञावली उघडली तर त्यात टेट यांच्या नावाचे सूत्र सुधारित रूपात आढळते. समुद्राच्या पाण्यासाठी केलेले गणित भिंगाच्या कामी आले.

तिसरी गोष्ट वेळेची. जाड भाग उशिरा निवतो. किती उशिरा, हे जाडीच्या वर्गावर अवलंबून असते. जाडी दुप्पट झाली तर निवण्यास चौपट वेळ लागतो. आता चष्म्याची दोन प्रकारची भिंगे डोळ्यांसमोर आणा. जवळचे वाचण्याचे, म्हणजे अधिक नंबरचे भिंग मध्ये जाड आणि कडेला पातळ असते. लांबचा फळा दिसण्यासाठीचे उणे नंबरचे भिंग मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. पहिल्यात कडा आधी गोठते आणि मध्यभाग नंतर आक्रसू पाहतो. दुसऱ्यात नेमके उलटे घडते. जो भाग शेवटी निवतो तो आधीच गोठलेल्या शेजाऱ्याला ओढतो. त्या ओढीने पृष्ठभाग खचतो किंवा आत ताण राहून जातो.

या सर्वांचा एकत्रित हिशेब एका सूत्रात बसत नाही. म्हणून संगणकात भिंगाचे हजारो लहान तुकडे कल्पितात. प्रत्येक तुकड्याचे तापमान, दाब आणि आकारमान क्षणाक्षणाला मोजत जातात, प्रत्येकाचा शेजाऱ्यावरील परिणाम धरतात आणि शेवटी संपूर्ण भिंगाचा आकार मिळवतात. एकेका तुकड्याचे गणित मात्र शाळेत शिकवलेल्या बेरीज, गुणाकार आणि प्रमाण यांच्यापासून फार दूरचे नाही.

काचेची आठवण

कॅमेऱ्यातील काही भिंगे तापवून मऊ केलेल्या काचेवर साचा दाबून करतात. काचेचे आकुंचन तिच्या पूर्वेतिहासावर अवलंबून असते. तीच काच घाईने निववली तर तिची रचना सैल राहते, घनता कमी भरते. सावकाश निववली तर ती अधिक दाट होते. आज तापमान सारखे असले तरी दोन्ही काचा सारख्या नसतात. अमेरिकेतील ए. क्यू. टूल यांनी १९४६ मध्ये काचेची ही स्थिती 'कल्पित तापमान' या राशीने मांडली. फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधन विभागातील ओ. एस. नारायणस्वामी यांनी १९७१ मध्ये तिला पक्के गणिती रूप दिले आणि पुढे मॉयनिहान यांनी त्यात भर घातली. काचेच्या भिंगाचे आकुंचन वर्तवताना आजही या तिघांच्या नावाचे प्रतिमान वापरतात. इतिहासाच्या शिक्षकाला यात विशेष गोडी वाटली तर नवल नाही. वस्तूचे आजचे वर्तन समजण्यास तिचा काल माहीत असावा लागतो, हे येथे समीकरणानेच मान्य केले आहे.

साच्याची दुरुस्ती

प्रतिमान तयार झाले की त्याचा उपयोग उलट दिशेने करतात. प्रथम हव्या त्या आकाराचा साचा कल्पून भिंग किती आणि कोठे बिघडेल, ते काढतात. समजा, मध्यभागी पृष्ठभाग ५ मायक्रोमीटर खचणार आहे. मग साच्यात त्या जागी ५ मायक्रोमीटरची वाढ आधीच ठेवतात. प्रत्यक्ष भिंग काढून मोजतात, उरलेली तफावत पुन्हा साच्यात उलटवतात. दोन-तीन फेऱ्यांत तफावत मर्यादेत येते. प्रतिमान चांगले असेल तितक्या फेऱ्या कमी लागतात आणि महागड्या पोलादी साच्याची नासाडी वाचते. ओताऱ्याने नमुना थोडा मोठा केला, त्यातही हेच तत्त्व होते.

वर्गात करून पाहण्याचा प्रयोग

गणेशोत्सवापूर्वी बाजारात शाडूची माती सहज मिळते. ती मळून सारख्या रुंदीच्या तीन पट्ट्या कराव्यात : दोन १० मिलिमीटर जाडीच्या आणि एक २० मिलिमीटर जाडीची. प्रत्येकीवर बरोबर १०० मिलिमीटर अंतरावर दोन रेघा ओढाव्यात. एक पातळ आणि एक जाड पट्टी सावलीत वाळवावी, दुसरी पातळ पट्टी कडक उन्हात ठेवावी. रोज एकाच वेळी रेघांमधील अंतर मोजून वहीत नोंदवावे आणि त्याचा आलेख काढावा.

पूर्ण वाळल्यावर अंतर समजा ९४ मिलिमीटर भरले, तर आकुंचन ६ टक्के. मग वाळल्यानंतर बरोबर १०० मिलिमीटर राहावे म्हणून पुढच्या पट्टीवर १०० ÷ ०.९४ म्हणजे १०६.४ मिलिमीटरवर रेघ ओढावी आणि भाकीत खरे ठरते का ते पाहावे. जाड पट्टी वाळायला अधिक दिवस घेईल. उन्हातील पट्टी वाकण्याची किंवा तडकण्याची शक्यता अधिक, कारण तिची वरची बाजू खालच्या बाजूआधी आक्रसते. भिंगाच्या कारखान्यातील मुख्य अडचण मुलांना अशा रीतीने एका मातीच्या पट्टीत दिसेल. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक पट्टी, एक वही आणि रोज मोजण्याची शिस्त पुरते.

हे गणित कोणासाठी?

शेवटी या लेखाचा आपल्या शाळेशी असलेला संबंध सांगणे आवश्यक आहे. निवासी शाळेत येणारे मूल घरापासून दूर असते. त्याला फळा धूसर दिसतो, हे त्याच्या आईच्या लक्षात येण्याची संधीच नसते. आणि सर्वांनाच असे दिसत असेल, असे मुलाला स्वतःला वाटते. ते फळ्यावरचे चुकीचे उतरवते, हळूहळू मागच्या बाकावर सरकते आणि त्याच्यावर 'मंद' असा शिक्का बसतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजाच्या बुद्धीवर शंका घेतली गेली, त्याच्या मुलांच्या बाबतीत हा शिक्का विशेष घातक आहे. कित्येकदा उणीव बुद्धीत नसते, एका डायॉप्टरच्या भिंगाची असते. दृष्टिहीनता निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून देशात सुरू आहे. त्यात शालेय मुलांची नेत्रतपासणी आणि गरजू मुलांना मोफत चष्मे यांची तरतूद आहे. दर वर्षी जूनमध्ये, प्रवेशानंतर पहिल्याच पंधरवड्यात, प्रत्येक विद्यार्थ्याची तपासणी व्हावी यासाठी माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी शाळेच्या पाठीशी उभे राहावे, अशी नम्र सूचना आहे.

दुसरी सूचना दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींसाठी. साचा तयार करणे हा आज विद्येने मिळणारा व्यवसाय आहे. छत्रपती संभाजीनगर येथे इंडो-जर्मन टूल रूम आणि प्लॅस्टिक तंत्रज्ञानाची 'सिपेट' ही केंद्रीय संस्था आहे. तेथे साच्यांची रचना, यंत्रकाम आणि प्लॅस्टिकची प्रक्रिया शिकवतात. आपली मुले चष्मा लावणारी व्हावीत, तशी चष्म्याच्या भिंगाचा साचा घडवणारीही व्हावीत. पूर्वी भट्टीपाशी बसण्यासाठी त्या घरात जन्मावे लागे. आता प्रवेश अर्ज भरावा लागतो आणि गणित यावे लागते.

म्हणून प्रमाण, घनमूळ आणि टक्केवारी हे धडे परीक्षेपुरते समजू नयेत. जोतीरावांनी मुलींसाठी आणि शूद्रातिशूद्रांसाठी शाळा उघडल्या तेव्हा घराघरांत कोंडलेली विद्या फळ्यावर आणणे हाच त्यांचा उद्योग होता. आकुंचनाचे सूत्र हा त्या विद्येचा एक लहानसा तुकडा आहे. तो फळ्यावर नीट लिहिणे हे शिक्षकाचे काम, आणि मागच्या बाकावरून तो नीट दिसतो आहे ना, हे पाहणे आपणा सर्वांचे.